सरोवरांचा मुलूख आणि त्याचे पाहुणे

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातला ‘लेक डिस्ट्रिक्ट’ हा डोंगराळ टापू मुंबईचे दोन जिल्हे सोडले तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्याहून लहान आहे. त्याचं सगळ्यात उंच शिखर, स्कॅफेल पाइक, ९७८ मीटरचं. म्हणजे आपल्या कळसूबाईपुढे बरंच ठेंगणं. सर्वांत मोठं सरोवर विंडरमिअर, त्याची लांबी सतराएक किलोमीटर. पाऊस मात्र कोकणची आठवण करून देणारा. सीथ्वेट या खेड्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो आणि उन्हाळा म्हणून त्यातून सुटका नाही. तरीही गेली अडीचशे वर्षं लोक जून ते ऑगस्टात इथे येत आले आहेत. रात्री दहापर्यंत रेंगाळणारा उजेड, पाण्यात पडलेली डोंगरांची सावली आणि दगडी गडग्यांनी आखलेली हिरवी कुरणं पाहायला ते येतात. आज या राष्ट्रीय उद्यानात राहणारी माणसं चाळीस हजारांच्या आसपास आहेत आणि वर्षाकाठी येणारे पाहुणे दीड कोटीहून जास्त.

या मुलखाच्या पर्यटनाचा इतिहास बहुतेकदा कवींच्या अंगानं सांगितला जातो. शाळेत ‘डॅफोडिल्स’ पाठ केलेल्या आपल्या पिढ्यांना तोच ठाऊक असतो. मला तो अपुरा वाटतो. इथे आलेल्या प्रत्येक पिढीनं, आपण येऊन पोहोचल्यावर, मागून येणाऱ्यांसाठी दार लावून घ्यायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी तो फसला. मुलूख वाचला तो काही थोड्या पाहुण्यांमुळे. देखाव्याच्या पलीकडे जाऊन तिथल्या मेंढपाळाचं काम ज्यांनी समजून घेतलं, ते हे लोक.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे कुणी हौसेनं जात नव्हतं. डॅनियल डीफो १७२०च्या दशकात ब्रिटनभर फिरला आणि या भागाबद्दल त्यानं लिहिलं ते ओसाड, रानटी आणि भीतीदायक प्रदेश म्हणून. पुढच्या पन्नास वर्षांत डोंगर तेच राहिले, बघणारे बदलले. टोल आकारून बांधलेले रस्ते केंडल आणि केझिकपर्यंत आले, घोडागाड्या येऊ लागल्या. इटलीची निसर्गचित्रं पाहून आलेल्या श्रीमंतांना आपल्याच देशात तसं काही हवंसं वाटू लागलं. कवी थॉमस ग्रे १७६९ साली इथे फिरला, त्याची रोजनिशी १७७५ मध्ये छापून आली. १७७८ मध्ये थॉमस वेस्ट या धर्मोपदेशकानं इथली पहिली मार्गदर्शिका काढली. १७९३ पासून फ्रान्सशी युद्ध जुंपलं, युरोपची वाट बंद झाली आणि उन्हाळा घालवायला सधन इंग्रजांपुढे मायदेशातले डोंगरच उरले.

वेस्टनं आपल्या पुस्तकात एकेका सरोवराच्या काठी ठराविक जागा नेमून दिल्या. इथे उभे राहा, या दिशेला पाहा, म्हणजे देखावा चित्रासारखा दिसेल. काही प्रवाशांच्या खिशात काळसर रंगाचा, किंचित फुगीर असा छोटा आरसा असे. क्लोद लोरँ या फ्रेंच चित्रकाराच्या नावानं तो ओळखला जाई. प्रवासी सरोवराकडे पाठ करून उभा राही आणि आरसा हातात धरून त्यात आपल्या मागचा डोंगर पाही. आरशात सगळं आकसून यायचं, रंग मवाळ व्हायचे, कडा गोलाकार व्हायच्या. एक तयार चित्र हातात यायचं. विंडरमिअरच्या पश्चिम काठावर तर अशा एका जागी खास इमारतच उभी राहिली. तिच्या खिडक्यांना रंगीत काचा होत्या. एका काचेतून पाहिलं की शरद ऋतू, दुसरीतून हिवाळा. समोर खरा ऋतू चालू असायचाच, पण प्रवाशाला त्याच्याशी फारसं कर्तव्य नव्हतं.

नेमलेल्या जागेवरून निसर्ग पाहायची ही सवय इंग्रजांनी पुढे जाईल तिथे नेली. १८२८च्या सुमारास मुंबई इलाख्याचा गव्हर्नर जॉन माल्कमनं महाबळेश्वरला वसाहत उभारली, त्यानंतर तिथल्या कड्यांना एल्फिन्स्टन, आर्थर, विल्सन अशी नावं देऊन ‘पॉइंट’ ठरवले गेले. आजही आपण महाबळेश्वरला जातो ते पॉइंट ‘करायला’. वेस्टच्या पुस्तकाशी या रिवाजाचं नातं मला उघड दिसतं.

पाहुणा आला की त्याला विकायच्या वस्तू आल्या. केझिकमध्ये पीटर क्रॉस्थ्वेट नावाच्या माणसानं १७८०च्या सुमारास संग्रहालय उघडलं. हा गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर चाकरी करून आलेला. दूरदेशच्या चिजा, हाडं, शिंपले, दगड यांच्या जोडीला त्यानं स्वतः मोजमाप करून काढलेले सरोवरांचे नकाशे ठेवले होते. ते नकाशे खरोखर चांगले होते. अल्सवॉटर आणि डर्वेंटवॉटरवर तोफा उडवून डोंगरांतून घुमत येणारा प्रतिध्वनी ऐकवायचा धंदा निघाला. मोठी तोफ हवी तर दाम जास्त. विंडरमिअरच्या खोल पाण्यातला चार नावाचा मासा मसाला लावून बरणीत भरला जाई आणि लंडनपर्यंत जाई.

या पहिल्या पर्वातली एक हकिगत मात्र मुलखाच्या सगळ्या इतिहासावर सावली धरून आहे. बटरमिअर या आडबाजूच्या खेड्यात एक छोटी खानावळ होती. मालकाची मुलगी मेरी रॉबिन्सन. जोसेफ बडवर्थ नावाचा प्रवासी तिथे जेवायला थांबला आणि १७९२ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्यानं या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या रूपाचं भरभरून वर्णन केलं. नाव बदललं होतं, पण खेडं कुठलं आणि खानावळ कुठली हे कुणालाही कळावं असं. झालं! सरोवर आणि धबधब्याच्या यादीत ती मुलगी जाऊन बसली. लोक तिला बघायला येऊ लागले, खानावळीच्या भिंतीवर कविता खरडू लागले. काही वर्षांनी बडवर्थ परत आला तेव्हा आपण काय करून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं आणि तसं त्यानं लिहिलंही. पण छापून गेलेलं पुस्तक मागे घेता येत नाही.

१८०२ मध्ये एक रुबाबदार गृहस्थ गाडीतून केझिकला उतरला. आपण कर्नल होप, एका उमरावाचा भाऊ, पार्लमेंटचे सभासद, असं त्यानं सांगितलं आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मेरीशी लग्न लावलं. तो निघाला जॉन हॅटफील्ड नावाचा नामचीन ठग. पहिली बायको-मुलं असलेला, कर्जं बुडवून तुरुंगात राहून आलेला. कवी कोलरिजनं लंडनच्या वर्तमानपत्रात या लग्नाची बातमी दिली आणि त्यातूनच बिंग फुटायला सुरुवात झाली. हॅटफील्ड पळाला, पकडला गेला आणि १८०३ मध्ये कार्लाइलला फासावर गेला. शिक्षा मेरीला फसवल्याबद्दल नव्हती. सभासदाच्या खोट्या सहीनं पत्रं फुकट पाठवली, ही कागदोपत्री बनवेगिरी त्या काळी फाशीचा गुन्हा होता. लंडनच्या नाटकघरांत मेरीच्या दुःखावर खेळ झाले. बटरमिअरला येणाऱ्यांची रीघ वाढली. नंतर तिनं एका शेतकऱ्याशी लग्न केलं, मुलंबाळं झाली आणि १८३७ मध्ये ती वारली. एका पोरीचं आयुष्य प्रेक्षणीय स्थळ होऊन गेलं आणि त्याला तिची संमती कुणी कधी विचारली नाही. जागेचं नाव छापण्याआधी तिथल्या माणसाचा विचार करावा, ही साधी गोष्ट प्रवासवर्णन लिहिणाऱ्यांनी बटरमिअरकडून शिकायला हवी होती.

‘डॅफोडिल्स’चा कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ याच भूमीतला. जन्म १७७० चा, कॉकरमथचा. १७९९ पासून वास्तव्य ग्रासमिअर आणि पुढे रायडलला. त्यानं लिहिलेली मार्गदर्शिका १८१० मध्ये दुसऱ्याच्या चित्रसंग्रहाची प्रस्तावना म्हणून, नाव न छापता निघाली आणि वाढत वाढत १८३५ पर्यंत पाचव्या आवृत्तीला पोहोचली. माझ्या मते या विषयावरचं ते अजूनही सर्वांत चांगलं पुस्तक आहे. वेस्टनं देखावा पाहिला, वर्ड्‌स्वर्थनं तो कुणी घडवला ते पाहिलं. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लहानशा जमिनी कसणाऱ्या शेतकऱ्यांनी इथले गडगे रचले, झाडं राखली, जागेच्या दगडातून अशी घरं बांधली की ती डोंगरातूनच उगवल्यासारखी वाटावीत. बाहेरून आलेले धनिक टेकडीच्या माथ्यावर पांढरीशुभ्र घरं चढवतात आणि लार्चची परकी झाडं रांगेत लावतात, याची त्याला चीड होती. हा प्रदेश एक प्रकारे सगळ्या राष्ट्राची मालमत्ता आहे, असंही तो म्हणाला.

पण राष्ट्रानं यायचं ठरवलं तेव्हा तोच आडवा आला. केंडलहून विंडरमिअरपर्यंत लोहमार्ग काढायची योजना निघाली, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या या राजकवीनं १८४४ मध्ये वर्तमानपत्राला लांबलचक पत्रं लिहिली. निसर्गसौंदर्याची जाण हळूहळू, संस्कारानं येते. लँकेशायरच्या गिरणी-कामगारांना डब्यांत भरून तळ्याकाठी सोडल्यानं त्यांचं भलं होणार नाही आणि तळ्याचंही नाही, असा युक्तिवाद. त्याच्या भीतीत तथ्य होतं. तरीही आठवड्यातले सहा दिवस धुरात आणि सुताच्या धुळीत काढणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी डोंगर पाहायची लायकी नाही, असं ठरवायचा अधिकार वर्ड्‌स्वर्थलाही नव्हता.

लोहमार्ग १८४७ मध्ये सुरू झाला. ग्रासमिअर, ॲम्बलसाइडपर्यंत तो गेला नाही; सरोवराच्या वर बर्थ्वेट नावाच्या वस्तीशी थांबला आणि त्या वस्तीचं पुढे विंडरमिअर शहर झालं. त्याच सुमारास, १८५३ मध्ये, मुंबई-ठाणे गाडी धावली. या दोन घटनांना जोडणारा धागा कापसाचा आहे. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि अमेरिकेतल्या यादवीत (१८६१–६५) तिकडचा माल तुटला तेव्हा खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून भराभर तिकडे जाऊ लागला. त्या धंद्यावर उभ्या राहिलेल्या मँचेस्टर-लिव्हरपूलच्या कारखानदारांनी आणि व्यापाऱ्यांनी विंडरमिअरच्या काठाला बंगले बांधले. या पैशाचा आधीचा थर आणखी काळा आहे. काठावरचं स्टोर्स हॉल हे दिमाखदार घर जॉन बोल्टन या लिव्हरपूलच्या गुलाम-व्यापाऱ्याचं. १८२५ मध्ये तिथे नौकाशर्यतींचा मोठा सोहळा झाला, त्याला वॉल्टर स्कॉट आणि वर्ड्‌स्वर्थ दोघेही पाहुणे म्हणून हजर होते. आपल्या अभ्यासक्रमात हे येत नाही. यायला हवं.

मँचेस्टरला नुसती हवा नको होती, पाणीही हवं होतं. १८७९ च्या कायद्यानं त्या शहराच्या नगरपालिकेला थर्लमिअर सरोवराला धरण बांधायची परवानगी मिळाली आणि १८९४ मध्ये दीडशे किलोमीटरवरून ते पाणी शहरात पोहोचलं. विरोध जोरदार झाला, कलासमीक्षक जॉन रस्किनसारखे मोठे लोक त्यात होते. पण गलिच्छ पाण्यावर जगणाऱ्या शहराची गरजही खरी होती, आणि सौंदर्यवाद्यांनी ती नीट ऐकून घेतली नाही असं मला वाटतं. पुढची किंमत मात्र एका अख्ख्या गावानं मोजली. मँचेस्टरसाठीच हॉजवॉटरच्या धरणाचं काम १९२९ मध्ये सुरू झालं आणि मार्डेल ग्रीन हे गाव पाण्याखाली गेलं. चर्च उतरवलं गेलं, दफनभूमीतली शंभराच्या आसपास प्रेतं उकरून शॅपला पुन्हा पुरली. कडक उन्हाळ्यात पाणी आटलं की गावाचे गडगे आणि जुना पूल वर येतात, आणि ते बघायला गाड्यांची रांग लागते.

थर्लमिअरची लढाई हरली, पण तिच्यातून काही माणसं घडली. हार्डविक रॉन्स्ली हा केझिकचा पाद्री त्यांतला. १८८३ मध्ये त्यानं बटरमिअरकडे जाणाऱ्या लोहमार्गाला विरोध करण्यासाठी संघटना उभी केली. १८८७ मध्ये लॅट्रिग या टेकडीवरची जुनी पायवाट जमीनमालकानं बंद केली, तेव्हा सुमारे दोन हजार माणसं अडथळे बाजूला सारून माथ्यावर चालत गेली. शहरी सौंदर्यप्रेमी आणि केझिकचे सामान्य लोक एकाच बाजूला उभे राहिलेले दिसतात, ते इथे पहिल्यांदा. १८९५ मध्ये रॉन्स्ली, ऑक्टेव्हिया हिल आणि रॉबर्ट हंटर या तिघांनी नॅशनल ट्रस्ट स्थापन केला आणि १९०२ मध्ये डर्वेंटवॉटरच्या काठचं ब्रँडलहाउचं रान लोकवर्गणीतून विकत घेतलं. औद्योगिक शहरांतल्या कामगारांनीही त्यासाठी पैसे पाठवले. ज्यांना सौंदर्य कळणार नाही म्हणून वर्ड्‌स्वर्थनं अडवू पाहिलं, त्यांच्याच वर्गातली ही माणसं.

रॉन्स्लीचा एका पाहुण्या मुलीवर मोठा परिणाम झाला. लंडनचं पॉटर कुटुंब १८८२ च्या उन्हाळ्यात विंडरमिअरकाठचा रे कासल भाड्यानं घेऊन राहिलं, तेव्हा बिअट्रिक्स सोळा वर्षांची होती. तिची सशाच्या, बदकांच्या, उंदरांच्या गोष्टींची पुस्तकं पुढे आपल्याकडच्या मुलांपर्यंतही आली. त्याच कमाईच्या बळावर तिनं १९०५ मध्ये हिल टॉप हे शेत घेतलं, १९२३ मध्ये ट्राउटबेक पार्क हे मोठं मेंढ्यांचं शेत. लेखिका मागे पडली आणि हर्डविक मेंढ्यांची नावाजलेली पैदासकार पुढे आली. १९४३ च्या डिसेंबरात ती वारली तेव्हा चार हजारांहून जास्त एकर जमीन आणि डझनाहून जास्त शेतं तिनं ट्रस्टला ठेवली आणि डोंगरातल्या शेतांवर हर्डविकच राखावी अशी इच्छा लिहून ठेवली.

ही इच्छा का धरली ते कळायला ती मेंढी जवळून पाहावी लागते. हर्डविकचं कोकरू जन्मतः काळंभोर असतं. वर्षभरात लोकर तपकिरी होते, मग वयाबरोबर राखाडी. तोंड मात्र पांढरं. लोकर इतकी राठ की अंगावरच्या कपड्याला चालत नाही, सतरंजीला जाते. पण बर्फाच्या ढिगाखाली दिवस काढून जिवंत निघणारी ही जात आहे. डोंगरमाथ्याचं गायरान सामाईक आहे, तिथे कुंपण नाही. तरीही एका शेताची मेंढरं दुसऱ्याच्या टापूत शिरत नाहीत, कारण कोकरू आईच्या मागे फिरत कुठल्या ओढ्यापर्यंत आपलं चरण आणि कुठल्या खडकापासून परकं, हे शिकतं. मोठं झाल्यावर आपल्या कोकराला तेच शिकवतं. कानाला पाडलेली खाच आणि लोकरीवर लावलेला रंग यांवरून मालक ओळखतात. या खुणांची छापील पुस्तकं १८१७ पासून निघत आली आहेत आणि चुकार मेंढ्या परत करायचे मेळावे अजून भरतात. बाजारातून आणलेल्या मेंढीला हे शिक्षण नसतं. म्हणून शेत हातबदल झालं तरी कळप शेताबरोबरच राहतो, नवं कूळ तो आहे तसा सांभाळायला घेतं. २००१ मध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली आणि कम्ब्रियात जनावरं मारून ढीग लावावे लागले, तेव्हा लोकांना धास्ती होती ती याच शिकवणुकीची साखळी तुटण्याची. पर्यटक ज्याला निसर्ग म्हणून कॅमेऱ्यात भरतो तो गवताचा मखमली उतार याच मेंढीच्या दातांनी राखलेला आहे.

विसाव्या शतकात दार पुरतं उघडलं. १९३० मध्ये युवा वसतिगृहांची चळवळ सुरू झाली, १९३८ मध्ये पगारी रजेचा कायदा झाला. त्याच १९३० मध्ये आर्थर रॅन्समची ‘स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स’ ही कादंबरी आली आणि सुट्टी म्हणजे मुलांनी शिडाची होडी घेऊन बेटावर मुक्काम करणं, अशी कल्पना दोन पिढ्यांच्या मनात रुजली. ब्लॅकबर्नचा एक कारकून, आल्फ्रेड वेनराइट, हाही पहिल्यांदा १९३० मध्येच आला. पुढे १९५५ ते १९६६ या काळात त्यानं हातानं लिहून, हातानं चित्रं काढून २१४ डोंगरांची सात पुस्तकं पुरी केली. वर्ड्‌स्वर्थनं ज्या लँकेशायरकरांना अडवलं होतं, त्यांच्यातल्याच एकानं इथल्या प्रत्येक वाटेचा सर्वांत प्रेमळ दस्तऐवज करून ठेवला. १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. १९७० च्या सुमारास मोटारींचा जलदमार्ग पूर्वेच्या कडेनं तयार झाला, १९७२ मध्ये केझिकचा लोहमार्ग कायमचा बंद पडला. रेल्वेनं येणारी माणसं ठराविक ठिकाणी उतरत. मोटार थेट शेतकऱ्याच्या फाटकापर्यंत जाते.

पाण्यावरही हाच प्रश्न आला. विंडरमिअरवर वेगवान बोटी आणि पाण्यावरचं स्कीइंग यांचा इतका गलबला झाला की उद्यानानं ताशी दहा मैलांची मर्यादा घातली. बोटवाल्यांचा आणि धंदेवाल्यांचा विरोध झाला तरी २००५ पासून ती लागू आहे. इतर मोठ्या सरोवरांवर असा निर्बंध आधीच होता. हा मला दार लावून घेण्याचा प्रकार वाटत नाही. कुणी यावं यावर इथे बंधन नाही, कसं वागावं यावर आहे.

२०१७ मध्ये युनेस्कोनं या भागाला जागतिक वारसा ठरवलं, तेही सांस्कृतिक भूदृश्य म्हणून, म्हणजे शेती आणि मेंढपाळी यांची दखल घेऊन. पर्यावरण अभ्यासकांचा यावर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. अति चराईनं डोंगर बोडके झाले, झाडोरा आणि पक्षी गेले. हॉजवॉटरच्या दरीतला इंग्लंडमधला शेवटचा सोनेरी गरुड २०१५ नंतर दिसलेला नाही. एनरडेलच्या खोऱ्यात २००३ पासून रान आपल्या मनानं वाढू देण्याचा प्रयोग चालू आहे आणि त्याचे परिणाम चांगले दिसतात. मेंढ्या कमी कराव्या लागतील हे खरं. पण किती आणि कुठल्या उतारावरच्या, हे तिथे राहणाऱ्या माणसाशी बसून ठरवायला हवं. सगळ्या मेंढ्या गेल्या तर ते ठरवायला कुणी उरणारच नाही.

सध्या तर माणूसच उठून जाण्याची वेळ आली आहे. एल्टरवॉटरसारख्या खेड्यात अर्ध्याहून जास्त घरं सुट्टीपुरती उघडणारी आहेत. शाळांचे पट घटले आहेत, आणि हॉटेलात काम करणारी माणसं उद्यानाबाहेरून गाडीनं ये-जा करतात. उन्हाळ्यात विंडरमिअरवर निळं-हिरवं शेवाळ धरतं, कारण वस्तीचं आणि पाहुण्यांचं सांडपाणी शेवटी तळ्यातच उतरतं. स्वच्छ पाण्यासाठी स्थानिक लोक काठावर निदर्शनं करत आले आहेत. एप्रिल २०२५ पासून दुसऱ्या घरावर दुप्पट घरपट्टी लागू झाली. त्यानं गावाच्या तिजोरीत पैसा येईल, पण ज्याला दुसरं घर परवडतं त्याला दुप्पट घरपट्टीही परवडते. नवी घरं स्थानिकांनाच द्यायची अट जुनी आहे, ती चांगलीही आहे. पण जुन्या दगडी घरांना ती लागत नाही आणि पाहुण्याला नेमकी तीच हवी असतात.

२०१६ मध्ये बॉरोडेलमधलं थॉर्नीथ्वेट हे शेत विक्रीला निघालं, तेव्हा घर आणि जमीन वेगवेगळे विकले गेले. जमीन घेतली नॅशनल ट्रस्टनं, घर दुसरीकडे गेलं. जमीन वाचवल्याचं समाधान ट्रस्टला होतं, पण मेलव्हिन ब्रॅगसारखे याच भागातले लेखक संतापले आणि पॉटरबाईंच्या मृत्युपत्राची आठवण त्यांनी करून दिली. मी त्यांच्या बाजूचा आहे. ज्याला रात्री-अपरात्री उठून विणाऱ्या मेंढीकडे जावं लागतं, तो मेंढपाळ दहा मैलांवरच्या भाड्याच्या घरातून ते काम कसं करणार? डोंगरातल्या शेताचं घर, जमीन आणि कळप यांची फारकत करायला उद्यानात बंदीच हवी आणि तेवढा कायदा झाला तर दुप्पट घरपट्टीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. ब्रेक्झिटनंतर क्षेत्रावर मिळणारं जुनं अनुदान टप्प्याटप्प्यानं बंद होत आहे, त्यामुळे येत्या काही वर्षांत अशी आणखी शेतं विक्रीला येतील.